मामाची गोळी, भाच्याचे केस

बँकेत छत्तीस वर्षे काढलेल्या माणसाला एक खोड आयुष्यभर पुरते. तो मोजत राहतो. निवृत्तीनंतर मोजायला नोटा नसतात, मग तो दुधाच्या पिशव्या मोजतो, जिन्याच्या पायऱ्या मोजतो आणि साठी उलटलेली असेल तर गोळ्या मोजतो. माझ्या टेबलाच्या खणात दोन प्रकारच्या पट्ट्या असतात. एक रक्तदाबाची, दुसरी प्रोस्टेटची. पट्टी आणली की तिच्या मागे तारीख लिहायची, हा माझा शिरस्ता. गेल्या वर्षी श्रावणात एका सकाळी प्रोस्टेटच्या गोळ्यांचा मेळ बसेना. सोळा हव्या होत्या, चौदा निघाल्या.

"तुम्हीच दोनदा घेतल्या असतील," सौभाग्यवतींनी निकाल दिला. या वयात हा आरोप नाकारणे अवघड असते. मी गप्प बसलो. पण पुढच्या पंधरवड्यात आणखी तीन कमी भरल्या, तेव्हा मात्र माझ्यातला जुना पासिंग ऑफिसर जागा झाला. रोकड एकदा कमी पडली तर चूक असू शकते. दुसऱ्यांदा कमी पडली तर कोणाचा तरी हात असतो.

तो हात कोणाचा, हे शोधायला मला फार श्रम पडले नाहीत. माझी सून एका दुपारी हातात कागदाची पुडी घेऊन आली. "बाबा, ही तुमची गोळी ना? भावोजींच्या टेबलावर ब्लेडपाशी पडली होती. आवरताना दिसली." पुडीत गोळीचे दोन तुकडे होते आणि बराचसा चुरा. तिच्या बोटांनाही तो लागलेला होता.

भावोजी म्हणजे माझा भाचा. धाकट्या बहिणीचा मुलगा, कऱ्हाडचा, इंजिनिअर, वय सत्तावीस. पुण्यात नोकरी लागल्यापासून आमच्याकडेच राहतो. आणि सुनेला तेव्हा तिसरा महिना होता.

बँकेच्या नोकरीत बारीक टायपातला मजकूर वाचायची सवय लागते. गोळ्यांच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला कागद बहुतेक लोक फेकून देतात. मी जपून ठेवतो. त्यातले एक वाक्य मला पक्के आठवत होते. गर्भवती स्त्रीने या औषधाच्या फुटलेल्या किंवा कुटलेल्या गोळीला हात लावू नये. निवृत्तीनंतर मी कोणावर ओरडलो नव्हतो. त्या दिवशी ओरडलो. "आधी हात धू! साबणाने धू!" ती बिचारी घाबरून मोरीकडे पळाली.

संध्याकाळी भाचा घरी आला. मी पुडी त्याच्यासमोर ठेवली. तो खाली मान घालून बसला आणि मान खाली गेल्यामुळे मला आतापर्यंत न दिसलेली गोष्ट दिसली. टाळूवर रुपयाच्या नाण्याएवढी जागा विरळ झाली होती.

"मामा, चोरी करायची नव्हती हो. दुकानात मागायची लाज वाटली."

"आणि मामाच्या खणातून घ्यायची नाही वाटली?"

"तुमची गोळी पाच मिलिग्रॅमची. केसांसाठी एक लागते. एकीचे चार तुकडे केले की चार दिवस जातात, असं मोबाईलवर वाचलं."

हिशेब चुकलेला नव्हता. माझी प्रोस्टेटची गोळी आणि टकलावरची गोळी हे एकच औषध आहे. त्याचे नाव फिनास्टराइड. प्रोस्टेटला पाच मिलिग्रॅम, डोक्याला एक. मामाच्या खालच्या दुखण्यावरची गोळी भाच्याच्या वरच्या दुखण्यावर चालते, हे ऐकून मला हसू आले असते. पण मोरीत हात धुणारी सून डोळ्यांसमोर होती.

मी त्याला विचारले, की हे कधीपासून? मग त्याने सगळे सांगितले. वर्षभर मुली बघणे चालू आहे. एका मुलीच्या वडिलांनी फोनवर विचारले, "फोटो जरा जुना आहे का हो?" दुसऱ्या ठिकाणहून निरोप आला, मुलगा चांगला आहे, पण वयस्कर दिसतो. ऑफिसात मित्र त्याला काका म्हणतात. न्हाणीघरातल्या जाळीवर रोज साठलेले केस तो मोजतो. मोजायची खोड आजोळकडून गेली असावी.

असल्या वेळी वडीलधाऱ्या माणसांकडे एक तयार वाक्य असते. "अरे, केसांत काय आहे?" मी ते म्हणणार होतो. पण आरशात पाहून थांबलो. मला तिसाव्या वर्षी टक्कल पडले, हे खरे. पण तेव्हा माझे लग्न होऊन गेले होते. आणि झाले नसते तरी 'बँकेत नोकरी' ही एवढी मोठी टोपी डोक्यावर होती, की तिच्याखाली केस आहेत की नाहीत हे कोणी वाकून पाहिले नसते. आज मुलीही कमावत्या आहेत, निवड करतात आणि मुलाचा फोटो मोबाईलवर बोटांनी मोठा करून पाहतात. मुलींचा रंग आणि उंची आपण पिढ्यान्‌पिढ्या अशीच निरखत आलो. आता मुलग्यांची पाळी आली, एवढेच. म्हणून त्याचे दुःख खोटे ठरत नाही.

शिवाय हे दुःख त्याला माझ्याकडून मिळाले, असे घरात सर्वांचे मत. 'मामावर गेला' हे वाक्य त्याने लहानपणापासून ऐकलेले. यात अर्धे सत्य आहे. पुरुषी संप्रेरकाला पेशी किती दाद देतात हे ठरवणारे एक महत्त्वाचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते आणि मुलाला एक्स गुणसूत्र आईकडूनच मिळते. पण टकलाशी संबंध असलेली इतर अनेक जनुके वडिलांकडूनही येतात. तेव्हा दोष एकट्या मामाचा नाही, हे सर्व मामांच्या वतीने मी येथे नोंदवून ठेवतो.

माणसाने टकलाशी झगडा कधीपासून मांडला आहे! आयुर्वेदात त्याला खालित्य म्हणून वेगळे नाव आणि उपचार आहेत. रोमचा ज्युलिअस सीझर मागचे केस पुढे ओढून विंचरत असे आणि डोक्यावर विजयाची पानांची माळ घालायचा मान त्याला फार प्रिय होता, असे त्याचा चरित्रकार स्वेटोनिअस लिहून गेला. आपल्याकडे माक्याचे तेल, जास्वंद, आवळा, वडाच्या पारंब्या, कांद्याचा रस हे सगळे सोपस्कार होऊन गेले. माझ्या आईने माझ्या डोक्यात किती माका जिरवला असेल, याचा हिशेब नाही. केस मऊ झाले आणि मऊपणे गेले.

याचे कारण तेलाने पोहोचावे अशा जागी नाही. खच्चीकरण झालेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही, हे हिप्पोक्रेटिसच्या काळच्या ग्रीकांनीही टिपून ठेवले होते. पुढे १९४२ मध्ये जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन शास्त्रज्ञाने ते नीट तपासले. अशा पुरुषांना टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक दिले, तेव्हा ज्यांच्या घराण्यात टक्कल होते त्यांचे केस जाऊ लागले. ज्यांच्या घराण्यात नव्हते त्यांचे टिकले. म्हणजे टकलाला दोन गोष्टी लागतात, घराण्याचा वारसा आणि संप्रेरक. पुढे असे कळले की खरा कारभारी टेस्टोस्टेरॉन नव्हेच. शरीरातले एक विकर त्याचे रूपांतर डीएचटी नावाच्या अधिक जोरकस संप्रेरकात करते. ते डीएचटी वारसा असलेल्या केसांच्या मुळांना हळूहळू लहान करत जाते.

आपल्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. प्रत्येक केस काही वर्षे वाढतो, दोन-तीन आठवडे थबकतो, सुमारे तीन महिने विश्रांती घेतो आणि गळतो. मग त्याच मुळातून नवा येतो. रोज पन्नास ते शंभर केस गळणे हा निसर्गाचा नेहमीचा व्यवहार आहे. टक्कल पडणाऱ्याचे बिघडते ते येथे, की नवा येणारा केस प्रत्येक खेपेला आधीपेक्षा बारीक आणि आखूड येतो. शेवटी उरते ती लव. म्हणून जाळीवरचे केस मोजून टकलाचा अंदाज येत नाही. किती गेले यापेक्षा त्यांच्या जागी कसे आले, हे महत्त्वाचे.

या दुखण्यावर आज दोन औषधांचा भक्कम पुरावा आहे आणि गंमत अशी, की दोन्ही औषधे दुसऱ्याच दुखण्यासाठी निघाली होती.

पहिले मिनॉक्सिडिल. अमेरिकेतल्या अपजॉन कंपनीची ही रक्तदाबावरची गोळी. ती घेणाऱ्यांच्या अंगावर, चेहऱ्यावर केस येऊ लागले. रक्तदाबाच्या रुग्णाला हा उपद्रव होता. पण कोणाच्या तरी लक्षात आले, की हाच उपद्रव दुसऱ्या कोणाला तरी वरदान वाटेल. गोळीचे डोक्याला लावायचे पाणी झाले आणि १९८८ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. कंपनीला 'रिगेन' हे नाव हवे होते, म्हणजे गेलेले परत मिळवा. तिथल्या औषध खात्याला ते आश्वासन जरा जास्त वाटले. मग 'रोगेन' ठरले. मराठी कानाला त्यात रोगच ऐकू येतो, पण तो भाग वेगळा.

दुसरे फिनास्टराइड, म्हणजे आमच्या खणातले. त्याची कथा डॉमिनिकन रिपब्लिक या कॅरिबियन देशातल्या सॅलिनास नावाच्या गावातून सुरू होते. तेथे काही मुले जन्मतः मुली समजून वाढवली जात आणि वयात येताना त्यांचे शरीर मुलाचे होई. न्यूयॉर्कच्या डॉक्टर ज्युलिअन इंपेराटो-मॅकगिन्ली यांनी त्यांचा अभ्यास १९७४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात मांडला. या लोकांत डीएचटी बनवणारे ते विकर जन्मतःच कमी होते. ही मुले मोठी झाली, तरी त्यांचे प्रोस्टेट लहानच राही आणि कपाळावरचे केस मागे हटत नसत. मर्क कंपनीच्या संशोधकांनी यातून बोध घेतला. त्या विकराला अडवणारे औषध केले तर? १९९२ मध्ये प्रोस्टेटसाठी पाच मिलिग्रॅमची गोळी आली आणि डिसेंबर १९९७ मध्ये टकलासाठी एक मिलिग्रॅमची.

गुण किती येतो? १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत १८ ते ४१ वयाचे १,५५३ पुरुष होते. काहींना खरी गोळी दिली, काहींना दिसायला तशीच पण औषध नसलेली. दोन वर्षांनी मोजणी झाली, तेव्हा खरी गोळी घेणाऱ्या शंभरातल्या ८३ जणांचे केस टिकले होते किंवा वाढले होते. बिनऔषधी गोळीवाल्यांत हे प्रमाण शंभरात २८ होते. हे आकडे कोणत्याही तेलाच्या बाटलीला लाभलेले नाहीत. पण त्यातला 'टिकले' हा शब्द नीट वाचायला हवा. या औषधाचे मुख्य काम राखणदाराचे आहे. टाळूवर गुण बऱ्यापैकी येतो. कपाळाच्या दोन्ही बाजूंना पडलेल्या खाड्या भरून येतील, याची हमी नाही. गुळगुळीत झालेल्या डोक्यावर जंगल उगवत नाही. तीन महिने तर फरक कळतही नाही.

आणि मुख्य अट पुढेच आहे. गोळी थांबवली की बारा महिन्यांच्या आत मिळालेला फायदा निघून जातो. मिनॉक्सिडिलचेही तसेच. बँकेच्या भाषेत सांगायचे तर ही मुदत ठेव नव्हे, की काही वर्षे भरले आणि मग सुखाने व्याज खाल्ले. हे भाड्याचे घर आहे. भाडे भरता तोवर राहायचे. भाडे थांबले की जागा खाली. सत्ताविसाव्या वर्षी हा करार करणाऱ्याने चाळीस, पन्नास वर्षांचा विचार करून सही करायला हवी.

दुसऱ्या दिवशी मी भाच्याला घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. तो आधी तयार नव्हता. "मामा, ते हेच औषध लिहून देणार. मग फी कशाला?" हा प्रश्न आपल्याकडे घरोघर विचारला जातो. चिठ्ठी म्हणजे दुकानदाराला दाखवायचा कागद, अशी आपली समजूत. तो कागद नसला आणि दुकानदार ओळखीचा असला, की काम भागते. कायद्याने हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही, पाकिटावर लाल रेघ असते. पण आमच्या भाच्याने तर दुकानाचीही पायरी चढली नव्हती. मामाचा खण हेच त्याचे औषधालय.

डॉक्टरांनी त्याला वीस मिनिटे प्रश्न विचारले, आणि चिठ्ठी म्हणजे काय हे मला साठीनंतर त्या वीस मिनिटांत कळले. केस एकदम गळाले की हळूहळू? गेल्या काही महिन्यांत मोठा ताप, डेंग्यू, टायफॉइड झाला होता का? तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस भसाभस गळतात आणि आपोआप परत येतात. तिथे या गोळीचे काम नाही. थायरॉइड, रक्तातले लोह तपासले का? गोल चकत्या पडतात का? ती चाई असते, तिचा उपचार वेगळा. लग्न ठरले आहे का? लवकर मूल हवे आहे का? काही जणांत हे औषध शुक्रजंतूंवर परिणाम करते, तेव्हा ते आधी सांगायला हवे. रक्तदान करता का?

येथे भाचा चपापला. तो दरवर्षी गणपती मंडळाच्या शिबिरात रक्त देतो. डॉक्टरांनी सांगितले, की अमेरिकेत ही गोळी घेणाऱ्याला शेवटच्या गोळीनंतर महिनाभर रक्त देता येत नाही. ते रक्त एखाद्या गर्भवतीला चढवले जाऊ शकते. गर्भातल्या मुलग्याचे अवयव घडायला जे डीएचटी लागते, त्यालाच हे औषध अडवते. म्हणून तर गर्भवतीने फुटक्या गोळीला हात लावायचा नाही. अखंड गोळीवर वेष्टन असते, तिची भीती नाही. ब्लेडने चार तुकडे केले की वेष्टन गेले. आपल्याकडे गर्भ मुलाचा की मुलीचा हे पाहायचे नाही, हा कायदा आहे आणि तो योग्यच आहे. तेव्हा खबरदारी प्रत्येक गर्भवतीने घ्यायची. आमच्या सुनेच्या डॉक्टरीणबाईंनी तिला धीर दिला. हाताला लागलेल्या चिमूटभर चुऱ्याने काही होण्याचा संभव फार कमी, पण पुन्हा हात लावायचा नाही. त्या एका वाक्यावर आमच्या घराने सहा महिने काढले.

मग डॉक्टरांनी विचारले, "मन कसं असतं?" भाचा म्हणाला, "ठीक." मी म्हणालो, "डॉक्टर, हा दोन महिन्यांपासून गप्प गप्प आहे. जेवताना बोलत नाही. क्रिकेट बघत नाही. आम्हाला वाटलं, लग्न जमत नाही म्हणून असेल."

डॉक्टर थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी आम्हा दोघांनाही समजावले. या गोळीचे काही दुष्परिणाम आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. चाचण्यांत शंभरात सुमारे चार जणांना कामेच्छा मंदावणे किंवा तशा प्रकारच्या वैवाहिक अडचणी जाणवल्या; बिनऔषधी गोळीवाल्यांतही शंभरात दोघांना जाणवल्याच होत्या. बहुतेकांच्या तक्रारी गोळी थांबवल्यावर जातात. पण काहींच्या थांबवल्यानंतरही राहिल्याच्या नोंदी आल्या, म्हणून अमेरिकेत २०१२ मध्ये तसा इशारा माहितीपत्रकात घातला गेला. त्याच्या आदल्या वर्षी नैराश्याची नोंद झाली होती. २०२२ मध्ये आत्महत्येच्या विचारांची भर पडली आणि २०२५ मध्ये युरोपच्या औषध संस्थेच्या समितीनेही तो दुष्परिणाम म्हणून मान्य केला. किती जणांत होते याचा नेमका आकडा नाही. गोळी घेणाऱ्या बहुसंख्य माणसांना यातले काही होत नाही. पण ज्याला होते त्याला स्वतःला ते चटकन कळत नाही. घरच्यांना आधी कळते.

मी सुन्न झालो. घरात चार माणसे त्याला रोज पाहत होती. तो मिटत चाललेला चौघांनाही दिसत होता. पण गोळीचे कोणालाच ठाऊक नव्हते, म्हणून कोणालाच शंका आली नाही. गप्प बसणे गोळीमुळे होते, की नकारांमुळे, की दोन्हींमुळे, हे आता सांगता येणार नाही. डॉक्टरांनाही सांगता आले नाही. पण चोरून औषध घेणाऱ्या माणसाला राखण कोणाची नसते, एवढे मला उमगले. मला वाटते, या विषयात सांगण्यासारखी गोष्ट हीच आहे. औषध चांगले की वाईट, हा वाद डॉक्टरांशी बोलून प्रत्येकाचा प्रत्येकाने मिटवावा. लपवून घेतलेले औषध मात्र कोणाच्याही हिताचे नाही.

गोळी डॉक्टरांनी लगेच लिहून दिली नाही. दोन महिने सगळे बंद ठेवायला सांगितले. मन स्थिर झाल्यावर पुन्हा या, मग ठरवू. दरम्यान तपासण्या करून घ्या.

त्याच आठवड्यात माझाही एक भ्रम उतरला. माझा प्रोस्टेटचा पीएसए अहवाल छान आला होता, म्हणून मी खुशीत होतो. मूत्ररोगतज्ज्ञ म्हणाले, "काका, तुम्ही फिनास्टराइडवर आहात. ही गोळी सहा महिने घेतली की हा आकडा साधारण निम्म्यावर येतो. तुमची शिल्लक दुप्पट धरून वाचायची." दुप्पट धरूनही ठीक होती, ही देवाची कृपा. पण विचार करा. केसांसाठी गुपचूप ही गोळी घेणारा माणूस पन्नाशीत पीएसए करून घेईल, डॉक्टरांना गोळीचे सांगणार नाही, आकडा निम्मा येईल आणि कर्करोगाची खूण निर्धास्तपणाच्या पांघरुणाखाली झाकली जाईल. खोटा ताळेबंद बँक बुडवतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. माणसाचेही तसेच असावे.

ज्यांना गोळी नको असते ते मिनॉक्सिडिलकडे वळतात. डोक्याला लावायचे, म्हणजे निर्धोक, असा त्यांचा समज. तेही औषधच आहे. सुरुवातीच्या आठवड्यांत त्याने उलट केस जास्त गळतात आणि घाबरून लोक सोडून देतात. ज्यांना हृदयाचा त्रास आहे, त्यांनी विचारल्याशिवाय लावू नये. घरात मांजर असेल तर फार सांभाळावे, मांजराला ते विषासारखे आहे. आणि घरात तान्हे बाळ असेल तर लावल्यावर हात धुवावेत, डोके कोरडे होईपर्यंत बाळाला जवळ घेऊ नये. युरोपात वडिलांच्या डोक्यावरचे औषध लागून बाळांच्या अंगावर केस आल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत.

आता जाहिरातींविषयी थोडे. आपल्या देशात १९४५ चे औषध नियम आहेत. त्यांच्या 'जे' अनुसूचीत अशा विकारांची यादी आहे, जे बरे करण्याचा दावा कोणत्याही औषधाला करता येत नाही. त्यात कर्करोगाच्या पंगतीला टक्कल बसलेले आहे. नवे केस उगवण्याचा दावाही त्यात वेगळा नोंदला आहे. नियम करणाऱ्यांना माणसाच्या या हळव्या जागेची पुरती ओळख असली पाहिजे. तरी भिंती, रेल्वेचे डबे आणि आता हातातला मोबाईल या दाव्यांनी भरलेला असतो. बुडीत कर्ज वसूल करून देतो म्हणणारा माणूस आणि गेलेले केस हमखास परत आणतो म्हणणारा माणूस, दोघांपासून चार हात दूर राहावे, हा अनुभवाचा सल्ला.

दोन महिन्यांनी भाचा पुन्हा डॉक्टरांकडे गेला. या वेळी एकटाच. तोपर्यंत तो जेवताना बोलू लागला होता, क्रिकेटवर शिव्या देऊ लागला होता. डॉक्टरांनी सगळे पुन्हा समजावले आणि निर्णय त्याच्यावर सोडला. त्याने विचार करून गोळी सुरू केली. एक मिलिग्रॅमची अखंड गोळी, स्वतःच्या नावाच्या चिठ्ठीवर, स्वतःच्या पैशाने. आईला फोन करून सांगितले. मामीला सांगितले, की मी पुन्हा गप्प दिसलो तर मला विचार. गोळ्यांची डबी कपाटाच्या वरच्या फळीवर, सुनेच्या हाताला लागणार नाही अशी. दर तीन महिन्यांनी डॉक्टर. फोटोही आता ताजाच पाठवतो. एका मुलीला त्याने पहिल्याच भेटीत सांगून टाकले, की केस जात आहेत, औषध चालू आहे, थांबवले तर पुन्हा जातील. ते स्थळ जमले नाही, पण त्याचे कारण बंगळूरची नोकरी हे होते. परत आल्यावर मला म्हणाला, "मामा, बोलून टाकलं की हलकं वाटतं."

वर्ष होत आले. टाळूवरची जागा वाढलेली नाही. भरलीही नाही म्हणा. कदाचित दोन वर्षांनी तो गोळी सोडेल आणि आरशाशी तह करेल. कदाचित नाही सोडणार. जे करेल ते उघडपणे करेल, एवढे मला पुरे आहे. माझ्या खणातला हिशेब आता रोज जुळतो.

फाल्गुनात आम्हाला नात झाली. धडधाकट, गोल चेहऱ्याची. परवा तिचे जावळ काढले. चालीप्रमाणे ती तिच्या मामाच्या मांडीवर बसली होती आणि घर डोक्यावर घेऊन रडत होती. केस खाली पडत होते आणि सगळे म्हणत होते, आता कशी छान दिसते! भाचा माझ्या शेजारी उभा होता. सव्वीस-सत्तावीस वर्षांपूर्वी कऱ्हाडच्या त्या वाड्यात याचेही जावळ निघाले होते आणि तेव्हा मांडी माझी होती. त्याचे पहिले केस माझ्याच धोतरावर पडले होते. मी त्याला तशी आठवण करून दिली.

"तेव्हाच मोजून ठेवायचे होते, मामा," तो म्हणाला, आणि बऱ्याच दिवसांनी मोठ्याने हसला.